जप्तीत न आलेली माणसं: श्रीपेरुंबुदूरच्या फोन कारखान्याचं प्रकरण

घरातल्या एखाद्या खणात 2014 च्या आधीचा, बटणांचा जुना नोकिया अजून पडला असेल, तर मागचं झाकण सरकवून बॅटरी काढून बघा. आतल्या चिठ्ठीवर ‘मेड इन इंडिया’ छापलं असेल, तर तो फोन चेन्नईपासून सुमारे चाळीस किलोमीटरवरच्या श्रीपेरुंबुदूरला तयार झालेला आहे. ती बॅटरीची जागा, तो स्क्रू, तो कीपॅड कुठल्यातरी विशीतल्या मुलीच्या हाताखालून गेलेला आहे. तिची पाळी आठ तासांची होती आणि तिच्यासारख्या हजारो जणी होत्या.

जानेवारी 2006 मध्ये तिथं उत्पादन सुरू झालं आणि 1 नोव्हेंबर 2014 ला थांबलं. पुरती नऊ वर्षंही नाहीत. भरात असताना कारखान्यात थेट कामाला आठ हजारांच्या आसपास माणसं होती. आवारातले आणि आजूबाजूचे पुरवठादार धरले तर हा आकडा दुपटीच्या पुढे जाई.

हा कारखाना का बुडाला यावर बरंच लिहून झालंय. अर्थविषयक पानांवर हे प्रकरण ‘भारतातील करदहशत’ या मथळ्याखाली जातं, तर तंत्रज्ञानाच्या पानांवर ‘स्मार्टफोनची लाट न ओळखलेली कंपनी’ म्हणून. दोन्हींत तथ्य आहे. मला मात्र यातली एक वेगळीच गोष्ट खटकते. सरकार आणि कंपनी यांच्यात आधी करार झाला, मग भांडण झालं, मग तडजोड झाली. तिन्ही वेळी जमीन, इमारत, यंत्रं, कर, व्याज, हमी यांची पै न पै मोजली गेली. माणसांचा हिशेब मात्र एकदाच झाला, आणि तो सुरुवातीला, ‘इतके रोजगार निर्माण होतील’ या वाक्यात.

कागदावर काय होतं

एप्रिल 2005 मध्ये तामिळनाडू सरकार आणि नोकिया यांच्यात सामंजस्य करार झाला. तेव्हा जयललिता मुख्यमंत्री होत्या. भारतात मोबाइल घराघरांत पोचण्याचा तो काळ, आणि असा कारखाना आपल्याकडे यावा म्हणून राज्याराज्यांत चढाओढ लागली होती. तामिळनाडूनं ती जिंकली, आणि जिंकण्यासाठी जे द्यावं लागतं ते दिलं.

सिपकॉट या राज्याच्या औद्योगिक महामंडळाकडून (आपल्याकडच्या एमआयडीसीसारखंच) सुमारे 210 एकर जमीन 99 वर्षांच्या भाडेपट्ट्यानं मिळाली. मुद्रांक शुल्कात सूट, अखंड विजेची हमी आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे कंपनीनं भरलेल्या व्हॅट आणि केंद्रीय विक्रीकराचा परतावा. अशा पॅकेजांचं सूत्र ठरलेलं असतं. कारखान्यात घातलेली रक्कम कराच्या परताव्यातून ठरावीक वर्षांत कंपनीच्या हाती परत यावी. थोडक्यात, भांडवल कंपनीचं असलं तरी ते भरून देणारा गल्ला सरकारचा. त्यावर विशेष आर्थिक क्षेत्राचा दर्जा. 2005 च्या कायद्यानुसार निर्यातीच्या नफ्यावर पहिली पाच वर्षं आयकर पूर्ण माफ, पुढची पाच वर्षं निम्मा. शिवाय हे क्षेत्र ‘सार्वजनिक उपयुक्तता सेवा’ म्हणून जाहीर करण्याचं आश्वासन होतं. म्हणजे इथं संप करायचा तर आगाऊ नोटीस हवी, नाहीतर तो बेकायदा. कामगारांचा उल्लेख आला तो असा, अडथळा म्हणून.

सवलत द्यायला माझा सरसकट विरोध नाही. नोकियामागोमाग फॉक्सकॉन, साल्कॉम्प, फ्लेक्सट्रॉनिक्स, पर्लोस असे पुरवठादार आले आणि त्या पट्ट्यात इलेक्ट्रॉनिक्सची एक वसाहतच उभी राहिली. शेतीवर चार महिने काम आणि आठ महिने वाट पाहणं असलेल्या जिल्ह्यांत दर महिन्याला बँकेत पगार जमा होऊ लागला, हे थोडं नव्हे. प्रश्न वेगळा आहे. कंपनी येणार कशी याची दहा कलमं लिहिली गेली, मग जाणार कशी याचं एखादं तरी कलम का नव्हतं?

लाइनवरच्या मुली

कामगारांत बहुसंख्य मुली होत्या. बारावी झालेल्या, अठरा-एकोणीस वर्षांच्या, कांचीपुरम, तिरुवल्लूर, वेल्लोर, तिरुवन्नामलै या जिल्ह्यांतल्या खेड्यांतून आलेल्या. बऱ्याचशा घरातल्या पहिल्या पगारदार. कंपनीच्या बसगाड्या लांबलांबच्या गावांतून त्यांना आणत. ज्यांना रोजचा प्रवास परवडत नसे त्या चौघी-पाचजणी मिळून जवळपास खोली भाड्यानं घेत.

या खोल्यांबद्दल थोडं थांबून लिहायला हवं, कारण कारखाना बंद पडल्यावर काय गेलं हे पगाराच्या पावतीत दिसत नाही, तिथं दिसतं. एकीची पहिली पाळी, दुसरीची तिसरी. एक झोपायला येते तेव्हा दुसरी डबा भरून निघते. चटया त्याच, उशा त्याच, माणसं पाळीपाळीनं. पगार झाला की घरी पाठवायचे पैसे बाजूला काढून जे उरतं ते आपलं. त्यातून स्वतःच्या पसंतीचा चुडीदार, रविवारी मैत्रिणींबरोबर सिनेमा, धाकट्या भावाची कॉलेजची फी. घरात लग्नाचा विषय निघाला की ‘अजून एक वर्ष’ असं म्हणता येई, आणि ते ऐकलं जाई. कारण घरावरचं नवं पत्र्याचं छप्पर तिच्या पगारातून आलेलं असे. ज्या गावात मुलीनं वेशीबाहेर एकटीनं जाणं म्हणजे बोलणी खाणं, त्या गावातून ती रात्री दहाला कामाला निघे आणि कुणी काही बोलत नसे. बाहेर कंपनीची बस उभी असे ना.

कामाचं म्हणाल तर ते सोपं होतं आणि म्हणूनच घातक. लाइनवर एकीनं एकच काम करायचं. कुणी सर्किटची पाटी यंत्रात भरणार, कुणी स्क्रू बसवणार, कुणी कानाला लावून आवाज तपासणार, कुणी खोक्यात चार्जर ठेवणार. अंगात कोट, पायात वेगळ्या चपला, मनगटाला स्थिर वीज जमिनीत सोडणारा पट्टा. तासाचं टार्गेट ठरलेलं, आणि बरंचसं काम उभ्यानं. आठ वर्षं हे केल्यावर हाताला विलक्षण सफाई येते, पण ती सफाई त्याच फोनपुरती, त्याच कामापुरती. बाहेर विचारलं, ‘काय येतं?’, तर सांगायचं काय? ‘ऑपरेटर’ हा शब्द अनुभवाच्या दाखल्यावर छान दिसतो, पण शेजारच्या गाड्यांच्या कारखान्यात त्याला किंमत नाही.

त्या सोशिक होत्या असंही समजू नका. 2010 मध्ये पगारवाढीसाठी इथं दोनदा काम बंद पडलं. शेजारच्या फॉक्सकॉनमध्ये त्याच वर्षी मोठा संप होऊन कामगारांना अटका झाल्या. पगार पुढं वाढले ते या लढ्यांमुळे. म्हणजे नोकरी थोडी बरी व्हायला चार-पाच वर्षं लागली, आणि बरी होते न होते तोवर ती संपायला आली.

भांडण

जानेवारी 2013 मध्ये आयकर खात्याचे अधिकारी कारखान्यात पोचले. फोनमधल्या सॉफ्टवेअरसाठी भारतीय कंपनी फिनलंडच्या मूळ कंपनीला जे पैसे पाठवत होती ती रॉयल्टी आहे, आणि त्यावर इथं कर कापायला हवा होता, असं खात्याचं म्हणणं. मार्चमध्ये 2,000 कोटींच्या वरची मागणी आली. सप्टेंबर 2013 मध्ये नोकियानं आपला फोनचा सगळा व्यवसाय मायक्रोसॉफ्टला विकत असल्याचं जाहीर केलं. इकडे खात्यानं भारतातली मालमत्ता गोठवली, म्हणजे जप्तीखाली आणली. विक्री झाली की कंपनी हातावर तुरी देऊन निघून जाईल, ही भीती. ती अगदी निराधार होती असं मला वाटत नाही.

14 मार्च 2014 ला सर्वोच्च न्यायालयानं हायकोर्टाची अट कायम ठेवली: कारखाना मायक्रोसॉफ्टकडे द्यायचा तर फिनलंडच्या कंपनीनं 3,500 कोटींची हमी द्यावी. त्याच महिन्यात तामिळनाडू सरकारनं 2,400 कोटींच्या व्हॅटची नोटीस काढली. निर्यात म्हणून दाखवलेले फोन देशातच विकले गेले, असा आरोप. कंपनीनं तो साफ नाकारला. ज्या राज्यानं नऊ वर्षांपूर्वी कर परत द्यायचं लिहून दिलं, तेच आता कर मागत होतं. यात कोण बरोबर हा कज्जा कर-वकिलांचा. परिणाम मात्र साधा होता. 25 एप्रिल 2014 ला विक्री पूर्ण झाली तेव्हा जगभरातले नोकियाचे इतर बहुतेक फोन कारखाने मायक्रोसॉफ्टकडे गेले, आणि श्रीपेरुंबुदूर मागं राहिलं. ते आता मायक्रोसॉफ्टला कंत्राटावर फोन करून देणार होतं. ऑर्डर येतील तोवर.

एक गोष्ट इथंच सांगून टाकतो, नाहीतर सगळं खापर कर खात्यावर फुटेल. कराचं लचांड नसतं तरी हा कारखाना फार वर्षं टिकला असता असं मला वाटत नाही. स्वस्त अँड्रॉइड आणि दोन सिमचे देशी फोन बाजारात आले होते आणि नोकिया दोन्हींत मागं पडली. 2013 मध्ये व्हिएतनाममध्ये हनोईजवळ तिचा नवा कारखाना सुरू झाला होता. जुलै 2014 मध्ये मायक्रोसॉफ्टनं 18,000 नोकऱ्या कमी करायचं ठरवलं, त्यातल्या जवळपास 12,500 नोकियाकडून आलेल्यांच्या. हंगेरीतला कोमारोमचा कारखाना मायक्रोसॉफ्टकडे रीतसर गेला होता, तरी तो बंद झालाच. श्रीपेरुंबुदूर गेलं असतं तर त्याचं वेगळं काही झालं असतं असं मानायला आधार नाही.

मग जप्तीनं नेमकं काय बिघडलं? निरोपाची बोलणी करायला समोर जबाबदार मालकच उरला नाही. नोकिया म्हणे, कारखाना आमच्या धंद्यात बसत नाही, आम्ही फक्त ऑर्डर पुऱ्या करतोय. मायक्रोसॉफ्ट म्हणे, कारखाना आमचा नाही. केंद्र म्हणे, प्रकरण न्यायप्रविष्ट आहे. राज्यात सप्टेंबर 2014 अखेर जयललितांना शिक्षा होऊन मुख्यमंत्रिपद गेलं, आणि पनीरसेल्वम यांच्या नव्या सरकारचं लक्ष दुसरीकडंच होतं. कामगारांनी चेन्नईत निदर्शनं केली, उपोषण केलं, निवेदनं दिली. निवेदनं घेतली गेली.

‘स्वखुशीने’

एप्रिल 2014 मध्ये स्वेच्छानिवृत्तीची योजना (व्हीआरएस) आली. तेव्हा कारखान्यात साडेसहा हजारांवर कामगार होते, त्यातल्या पाच हजारांहून अधिकांनी ती घेतली. पंचवीस-सव्वीस वर्षांच्या माणसांनी निवृत्ती घेतली, हे वाक्य मी दोनदा लिहून बघितलं. शब्द बरोबर आहेत.

व्हीआरएसचा मार्ग का, हे समजून घेण्यासारखं आहे. औद्योगिक विवाद कायद्याच्या 25-ओ कलमानुसार शंभर किंवा त्याहून जास्त कामगार असलेला कारखाना बंद करायचा तर नव्वद दिवस आधी सरकारकडे परवानगीचा अर्ज करावा लागे. कारणं द्यावी लागत, कामगारांचं म्हणणं ऐकलं जाई, परवानगी नाकारलीही जाऊ शके. पण कामगारच एकेक करून ‘स्वखुशीने’ निघून गेले, तर बंद करायला उरतं काय? रिकामी इमारत. म्हणून आधी माणसं कमी होतात, मग बंदची बातमी येते. शेवटच्या निवेदनातही कंपनीनं ‘बंद’ म्हटलं नाही. मायक्रोसॉफ्टकडून ऑर्डर नसल्यानं 1 नोव्हेंबरपासून उत्पादन ‘स्थगित’ करत आहोत, असं म्हटलं.

कायद्यानं मिळणारी भरपाई किती, तेही पाहू. बंदमध्ये सेवेच्या दर पूर्ण वर्षामागं पंधरा दिवसांचा पगार. आठ वर्षं नोकरी झालेल्या मुलीला 120 दिवसांचा. चार महिने. व्हीआरएसची रक्कम याहून बरीच जास्त, काही लाखांत होती, हे कंपनीच्या बाजूनं नोंदवायला हवं. तेव्हा ज्यांनी ती घेतली त्यांनी चूक केली असं म्हणणाऱ्यानं आधी त्यांच्या जागी उभं राहावं. लाइन एकेक करून थांबतायत, बसमधल्या सीटा रिकाम्या होतायत, शेजारणीनं सही केली, आणि आज घेतलं नाही तर उद्या हे तरी मिळेल का, ही धास्ती. असल्या वातावरणात फॉर्मवर केलेल्या सहीला ‘स्वेच्छा’ म्हणायचं असेल तर म्हणावं.

काही लाख एकदम हातात येणं फसवं असतं. आठ वर्षांत एवढी रक्कम एकगठ्ठा कुणी पाहिलेली नसते, आणि ती आल्याची खबर घरात तिच्याआधी पोचलेली असते. सावकाराचं देणं, गहाण दागिने, बहिणीचं लग्न, अर्धवट राहिलेलं घर. नाही म्हणायला तोंड कुठलं? पगार दर महिन्याला येत होता तोवर तिच्या शब्दाला वजन होतं. आता पैसे एकदाच आले आणि एकदाच गेले. ‘अजून एक वर्ष’ म्हणायची सोय संपली. खोली सोडून गावी परतलेल्या कित्येकींच्या लग्नाची बोलणी पुढच्याच हंगामात सुरू झाली. काही कापडाच्या दुकानांत लागल्या, काही दुसऱ्या कारखान्यांत कंत्राटावर, आधीच्या निम्म्या पगारावर, नव्यानं ‘ट्रेनी’ म्हणून. पुरुषांपैकी कुणी रिक्षा घेतली, कुणी डिलिव्हरीला लागले.

नोकियाच्या ऑर्डरीवर जगणारे पुरवठादारही आटले. फॉक्सकॉननं 24 डिसेंबर 2014 पासून आपलं तिथलं काम थांबवलं आणि हजारावर कामगार नव्या वर्षात घरी बसले. खानावळी, भाड्याच्या खोल्या, बसचालक, गेटबाहेरचा चहावाला यांची नोंद कुठल्याच रजिस्टरात नसते, म्हणून त्यांचा आकडाही कुणी मागत नाही. आपल्याकडे गिरणगावानं हे पाहिलेलं आहे.

बोखुममध्ये काय झालं होतं

याच कंपनीनं असंच काही आधी केलं होतं. जर्मनीतल्या बोखुम शहरात तिचा फोनचा कारखाना होता, आणि त्यालाही केंद्र आणि राज्य सरकारकडून मिळून सुमारे 8.8 कोटी युरोंची मदत मिळालेली होती. जानेवारी 2008 मध्ये कंपनीनं तो बंद करून काम रुमानियात क्लुजजवळ न्यायचं जाहीर केलं. सुमारे 2,300 जणांच्या नोकऱ्यांचा प्रश्न होता. आठवड्याभरात हजारोंचा मोर्चा निघाला, मंत्र्यांनी आपापले नोकिया फोन टाकून दिले.

फोन टाकणं हा देखावा म्हणून सोडून देऊ. कामाला आलं ते अनुदानाच्या कागदातलं एक कलम: इतक्या नोकऱ्या इतकी वर्षं ठेवायच्या. तो आकडा कंपनीनं पाळला नव्हता, असं म्हणत राज्यानं व्याजासह सुमारे 6 कोटी युरो परत मागितले. पुढं तडजोड होऊन कंपनीनं शहराच्या पुनर्विकासासाठी 2 कोटी युरो दिले. कामगार प्रतिनिधींशी वेगळा करार होऊन भरपाई आणि पुनर्प्रशिक्षणासाठी 20 कोटी युरो ठरले. माणशी सरासरी काढली तर 80,000 युरोंच्या वर जाते. बोखुमच्या जखमा त्यानं भरल्या असं नाही. 2014 मध्ये तिथला ओपेलचा मोटार कारखानाही गेला. आणि क्लुजवाल्यांचं नशीब काही वेगळं निघालं नाही. तो कारखाना बंद करायचं कंपनीनं 2011 मध्येच जाहीर केलं, तिथंही दोन हजारांवर नोकऱ्या गेल्या.

जर्मनी श्रीमंत, तिथले कायदे वेगळे, युनियनला संचालक मंडळात जागा, हे सगळं मान्य. पण मदतीच्या कागदात नोकऱ्यांचा आकडा आणि तो मोडल्यास वसुली, एवढी ओळ लिहायला श्रीमंती लागत नाही. बोखुमची बातमी 2008 ची, श्रीपेरुंबुदूर भरात असतानाची. चेन्नईत सचिवालयात कुणीतरी ती वाचलीच असेल.

नंतर

एप्रिल 2018 मध्ये भारत आणि फिनलंड यांच्यातल्या करविषयक करारातल्या तरतुदीनुसार रॉयल्टीचा वाद मिटला. नोकियानं सुमारे 1,600 कोटी रुपये भरले. कारखाना बंद पडून तोवर साडेतीन वर्षं झाली होती. ज्या हमीवरून हस्तांतर अडलं, ती 3,500 कोटींची होती. तडजोड निम्म्याहूनही कमीत झाली. दोन देशांच्या कर अधिकाऱ्यांमधली ही बोलणी, त्यात कामगार पक्षकार असण्याचा प्रश्नच नव्हता.

इमारत मोकळी झाली. नोव्हेंबर 2019 मध्ये केंद्रीय मंत्री रविशंकर प्रसाद यांनी जाहीर केलं की साल्कॉम्प ती घेत आहे. हीच साल्कॉम्प, जी त्याच आवारात नोकियाचे चार्जर बनवायची आणि तोवर आयफोनचे बनवू लागली होती. पाच वर्षांत 2,000 कोटींची गुंतवणूक आणि 10,000 रोजगार असा आकडा सांगितला गेला. मार्च 2020 पासून काम सुरू व्हायचं होतं. नोकियाचा दूरसंचार यंत्रसामग्रीचा वेगळा कारखाना त्याच भागात आधीपासून होता, तो चालूच राहिला. जमीन, इमारत, वीज, रस्ता, कंपनीचं नाव, सगळं जागच्या जागी.

या पट्ट्यात असेंब्लीच्या भरतीला विशीच्या आगेमागे असलेली मुलं-मुली घेतात. तिशी ओलांडलेल्या, आठ वर्षं फोन जोडलेल्या बाईला गेटवर ‘वय’ या रकान्यात अडवलं जातं. पहाटेच्या बसगाड्या पुन्हा गावोगाव फिरू लागल्या. त्यांत चढणाऱ्या मुली 2014 मध्ये शाळेत होत्या.